बाहुलीच्या पाठीवरचा ठसा

आमचे बार्शीचे दुकान १९९८ च्या दिवाळीत बंद केले, तेव्हा पोटमाळा रिकामा करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. कटलरी, स्टेशनरी आणि खेळणी असा तीन पिढ्यांचा व्यवसाय. त्यामुळे न खपलेल्या मालाचेही तीन थर साचलेले. सर्वांत खालच्या थरात, वाळवीने अर्धवट खाल्लेल्या एका देवदारी खोक्यात, भुशात पुरलेली चार डोकी निघाली. गुलाबी गाल, काचेचे डोळे, किंचित उघडे ओठ आणि त्यांतून डोकावणारे तांदळाच्या कणीएवढे दात. धड एकालाही नव्हते. हमाल दचकून दोन पायऱ्या खाली उतरला. मी मात्र तिथेच धुळीत मांडी घालून बसलो.

एक डोके उलटे केले. मानेमागे, जिथे केसांचा टोप संपतो त्याच्या खाली, मातीतच उमटवलेली रोमन अक्षरे होती : आर्मांड मार्सेय, जर्मनी, ३९०. मालावरचे छाप वाचण्यात माझी वीस वर्षे गेली होती. कात्रीवरचा, कंगव्यावरचा, शाईच्या दौतीवरचा छाप पाहून माल कुठला आणि कितीचा हे मी झोपेतही सांगितले असते. हा छाप मात्र मला वाचता आला नाही. त्या दिवसापासून मी बाहुल्यांच्या मानेमागे काय लिहिले आहे ते वाचत आलो आहे. आज माझे वय अडुसष्ट आहे, आणि सोयरीक पाहायला आलेल्या मंडळींनी बैठकीतले बाहुल्यांचे कपाट पाहून ‘घरात लहान मुली किती?’ असे विचारल्याचे प्रसंग दोनदा घडले आहेत.

या छंदाविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. पण लेखणी उचलण्यास कारण झाली ती आत्याची बाहुली. तिच्याकडे येण्यापूर्वी मला थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल, कारण ती ठाऊक नसेल तर आत्याच्या बाहुलीच्या पाठीवरच्या अक्षरांनी माझी झोप का उडवली, हे वाचकांना उमगणार नाही.

त्या चार डोक्यांचा उलगडा व्हायला मला दीड वर्ष लागले. ‘३९०’ हे साल नव्हे, किंमत नव्हे, तो साच्याचा क्रमांक. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात कॉपेल्सडॉर्फ नावाचे गाव आहे. तेथील आर्मांड मार्सेयच्या कारखान्यात हा साचा वर्षानुवर्षे चालला आणि त्यातून इतकी डोकी निघाली की आज जगभरच्या संग्राहकांत ३९० ही सर्वांत सहज मिळणाऱ्या बाहुल्यांत गणली जाते. म्हणजे माझा खजिना हा खजिना नव्हताच. आमच्या दुकानासारखाच चालू मालाचा नमुना होता. हे कळल्यावर मला वाईट वाटले नाही. उलट आबांविषयी, म्हणजे माझ्या आजोबांविषयी, आपुलकी वाढली. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक खरेदी, असा त्यांचा शिरस्ता होता. कुणीतरी घाऊकवाल्याने त्यांच्या गळ्यात ही डोकी मारली असणार. मोडलेल्या बाहुलीसाठी बदली डोके विकत घेण्याची पद्धत युरोपात होती. बार्शीत ती कुठून असणार? माल पडून राहिला. व्यापाऱ्याच्या चुकाच पोटमाळ्यावर टिकतात. जे खपते ते शिल्लक राहत नाही.

या डोक्यांच्या पदार्थाला बिस्क म्हणतात. बिस्क म्हणजे झिलई न दिलेली, भाजलेली चिनी माती. म्हणून तिच्यावर कपबशीसारखी चकाकी नसते, माणसाच्या त्वचेसारखा मंदपणा असतो. पण मला त्या मातीपेक्षा तिच्यामागची व्यवस्था अधिक मोहवून गेली. डोके एका गावात, धड दुसऱ्या गावात, काचेचे डोळे लाउशा या काचकाम करणाऱ्या गावात, कपडे घरोघरच्या बायका शिवणार, आणि सगळा माल झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे गोळा होऊन तिथून जगभर जाणार. सोलापूरच्या घरोघरी बिडी वळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. घरातली लेकरेही कामाला लागत, आणि ज्या बाहुल्या त्यांच्या हातून तयार होत त्या त्यांना खेळायला मिळत नसत.

ओळख पटवण्याच्या शास्त्रात पहिला मोह असतो तो आकड्यांचा. चार आकडी संख्या दिसली की नवखा माणूस तिला साल समजतो. आर्मांड मार्सेयचाच १८९४ या क्रमांकाचा साचा आहे. तो आकडा पाहून बाहुली नेमकी त्याच वर्षी घडली असे मानणारे कितीतरी भेटतात. मी स्वतः याहून मोठा गाढवपणा केला आहे. एका बार्बीच्या कमरेखाली १९६६ असे स्पष्ट कोरलेले पाहून ती साठ सालातली दुर्मिळ बाहुली म्हणून मी चांगली किंमत मोजली आणि महिनाभर मिरवली. पुढे कळले की १९६६ हे त्या धडाच्या आराखड्याचे साल. तोच साचा पुढे कित्येक दशके वापरला गेला आणि प्रत्येक धडावर तेच साल उमटत राहिले. माझी बार्बी निदान वीस वर्षांनी धाकटी होती. ती अजूनही कपाटात आहे. मुद्दामच ठेवली आहे.

आकड्यापेक्षा देशाचे नाव अधिक विश्वासार्ह. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्यान्वये पुढील वर्षापासून तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे झाले. म्हणून ‘जर्मनी’ असा छाप असलेली बाहुली सहसा १८९१ च्या नंतरची. याचे उलट मात्र खरे नाही. छाप नाही म्हणून ती त्याआधीची, असे म्हणता येत नाही; माल अमेरिकेला जाणार नसेल तर तो कायदा कशाला लागू होतो? जकातीचा नियम बदलला की मालावरची अक्षरे बदलतात, आणि ती अक्षरे शंभर वर्षांनंतर साक्ष देतात. जीएसटीचा पहिला महिना ज्यांनी गल्ल्यावर बसून काढला आहे त्यांना यातली गंमत नक्की कळेल.

बिस्कनंतर सेल्युलॉइड. या पदार्थाची कुळकथा मला फार आवडते. हस्तिदंताचे बिलियर्डचे गोळे महाग पडू लागले म्हणून अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट पर्याय शोधू लागला आणि १८७० च्या सुमारास त्याने सेल्युलॉइड आकाराला आणले. कापसासारखा तंतू आम्लाची प्रक्रिया करून घ्यायचा आणि त्यात कापूर मिसळायचा. कापूस आणि कापूर! एक आमच्या बार्शीच्या गिरण्यांतला, दुसरा घराघरांतला. कापराचा मोठा साठा तैवानच्या जंगलांत, आणि तैवान १८९५ पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात. म्हणून पुढे सेल्युलॉइडच्या खेळण्यांत जपान्यांनी जर्मनांना गाठले यात नवल नाही. जर्मन मालात मानहाइमच्या कारखान्याचे कासव प्रसिद्ध. १८८९ पासून त्यांची ती निशाणी. जपानी बाहुल्या पातळ आणि स्वस्त, म्हणून खेडोपाडी पोहोचलेल्या.

सेल्युलॉइड ओळखण्याची रीत सोपी आहे. हातात घेतल्यावर रिकाम्या अंड्यासारखे हलके लागते, उजेडासमोर धरले की कडेने प्रकाश आरपार येतो, आणि अंगठ्याने जोरात घासून लगेच नाकाशी नेले की कापराचा वास येतो. जुन्या माहितीपुस्तकांत तापलेल्या सुईने टोचून पाहण्याचा उपाय सांगितलेला आढळतो. तो कृपा करून कुणी करू नये. हा पदार्थ भयंकर पेट घेतो. कडक उन्हाळ्यात बंद लोखंडी पेटीत ठेवणेही बरे नाही. तो हळूहळू विटतो, पिवळा पडतो, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या वस्तूंनाही गंज चढतो. माझ्याकडच्या सेल्युलॉइडच्या सात बाहुल्या म्हणूनच वेगळ्या, हवेशीर फळीवर बसतात. पंगतीत न बसणाऱ्या सोवळ्यातल्या म्हाताऱ्या, असे माझी सून त्यांना म्हणते.

या छंदाचे आणि आपल्या आचाराचे कुठे खटकले, तेही सांगून टाकतो. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या वस्तूंची जी मुख्य गल्ली आहे तिचे नाव मटन स्ट्रीट. घरी सांगताना मी ‘भेंडीबाजाराच्या बाजूला’ एवढेच सांगत असे. तिथे एकदा जर्मन बनावटीची, मूळ धडासह, अगदी अभंग अशी बाहुली अल्प किमतीत चालून आली. धड शेळीच्या कोवळ्या कातड्याचे, आत भुसा भरलेला. संग्राहकाच्या दृष्टीने मूळ धड हीच तिची किंमत. ते काढून कापडी धड लावले तर ती निम्मीही उरत नाही. मी तिला हातात घेतली आणि ठेवून दिली. दुकानदाराने भाव आणखी उतरवला. त्याला वाटले मी घासाघीस करतो आहे. परतीच्या गाडीत मी स्वतःवर बराच प्रसन्न होतो. पुढे वाचनात आले की लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून केलेल्या ज्या धडांना मी निर्दोष समजत होतो, त्यांतला सरस बहुधा हाडाकातड्याचाच. त्या वेळी तशी बारा धडे माझ्या कपाटात होती. त्या रात्री हा विचार मी अर्ध्यावर सोडला आणि तो अजून अर्ध्यावरच आहे. केसांच्या बाबतीत तरी सुटका आहे : मोहेर हे शेळीचे कातरलेले केस.

दुसरा प्रश्न अर्थातच परिग्रहाचा. एका पर्युषणात प्रवचनाहून परतल्यावर सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, ‘एकूण नग किती?’ मी मोजले. त्र्याण्णव भरले. त्या वर्षी एक्कावन्नाचे परिमाण घेतले आणि बेचाळीस बाहुल्या वाटल्या, काही विकल्या. आता नवी घ्यायची तर एक जुनी द्यावी लागते. खरे सांगायचे तर या मर्यादेने संग्रह सुधारला. कोणती ठेवावी हे ठरवताना प्रत्येकीचा छाप पुन्हा वाचावा लागतो.

आणि वाचता वाचता एक नियम अंगी मुरला : आधी माल पाहावा, कथा मागाहून ऐकावी. जुन्या बाजारात प्रत्येक बाहुली कुठल्या ना कुठल्या संस्थानिकाच्या वाड्यातून आलेली असते. आजीची, पणजीची, विलायतेहून आणलेली. कथा सांगणारे सगळेच खोटे नसतात; बहुतेक जण ऐकलेले सांगतात. पण कथा ऐकून छाप वाचला की डोळा त्या कथेला सोयीचे तेवढेच पाहतो. म्हणून विक्रेता बोलू लागला की मी हात वर करून त्याला थांबवीत असे. या सवयीचा मला थोडा गर्वही होता.

गेल्या चातुर्मासात पुण्याला आत्याकडे गेलो होतो. आत्या पंच्याऐंशी वर्षांची. नजर अधू, पण हिशेब तोंडपाठ. तिने ट्रंकेतून साटिनच्या तुकड्यात गुंडाळलेली आपली बाहुली काढून माझ्या हाती दिली. ही बाहुली मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण हातात कधी मिळाली नव्हती. वीतभर उंचीची, रंगवलेले कुरळे केस, हात खांद्यात रबरी दोरीने ओवलेले. डाव्या पायाला चिमटा पडल्यासारखा खळगा. आत्याचे सारे आयुष्य या बाहुलीभोवती फिरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आबांची तिच्याकडे असलेली ही एकच वस्तू. आबा १९४५ च्या फाल्गुनात विषमज्वराने गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यांचा चेहरा तिला आठवत नाही. फोटो नव्हता. ‘आबांनी मुंबईहून आणून ठेवली होती, मी मोठी झाल्यावर द्यायला,’ हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, एका दिवाळीला ती तिच्या हातात दिली होती.

‘हे बघ,’ आत्या म्हणाली, ‘पणतीला द्यायची आहे ही. तू एवढा जाणकार. कुठल्या देशाची, कुठल्या सालची, सगळे एका कागदावर नीट लिहून दे. आणि आबांनी आणली, हेही लिही.’

मी बाहुली घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात अंगठ्याने घासली. मंद, पण निःसंशय कापूर. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, बारीक उठावाची अक्षरे होती, झिजलेली. अशा वेळी मी चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने हलकेच फिरवतो. खळग्यांत पांढरे बसते आणि अक्षरे वर येतात. भिंग घेतले. पहिली ओळ, मेड इन. तिसरी ओळ, जपान. मधली ओळ लांब होती. ती वाचायला मला पाच मिनिटे लागली आणि वाचल्यावर भिंग खाली ठेवले.

मेड इन ऑक्युपाइड जपान.

युद्धात हरलेल्या जपानवर दोस्तांचा लष्करी अंमल होता. त्या काळात, १९४७ पासून, निर्यातीच्या मालावर ‘व्याप्त जपान’ असा छाप उमटवण्याची सक्ती झाली. १९४९ च्या अखेरीस ती सैल झाली आणि १९५२ च्या एप्रिलमध्ये तो अंमलच संपला. जपानशी खासगी व्यापार पुन्हा सुरू झाला तोही १९४७ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे ही चार शब्दांची ओळ ज्या मालावर आहे, तो १९४७ च्या आधीचा असूच शकत नाही. साचा जुना असेल, रंग जुन्या पद्धतीचा असेल. ही ओळ जुनी असू शकत नाही. युद्धापूर्वीच्या बाहुलीवर नुसते ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’ असते.

आणि आबा १९४५ मध्ये गेले होते.

तीन आठवडे मी आत्याचा फोन टाळला. टाळला म्हणजे घेतला, पण ‘अजून पाहतो आहे’ असे सांगितले. टेबलावर कोरा कागद होता. ‘जपानी, सेल्युलॉइड, सुमारे १९४०’ एवढे लिहिले असते तर जगात कुणालाही ते खोटे ठरवता आले नसते. पाठीवरची ओळ भिंगाशिवाय दिसत नाही. आत्याला ती कधीच दिसणार नव्हती. पणतीला कदाचित पुढे दिसेल, कदाचित नाही. चोरबाजारात लोकांच्या आज्या-पणज्या मी हात वर करून थांबवल्या होत्या. इथे माझा हात वर होईना. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘म्हातारीला कशाला दुखवता?’ मुलगा म्हणाला, ‘तिने तुम्हाला ओळखायला दिली आहे ना?’ दोघांचेही बरोबर होते, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

अखेर मी वह्या काढल्या. दुकान मोडताना फर्निचर गेले, वजनकाटे गेले, पण लाल कापडी बांधणीच्या वह्या रद्दीत घालवल्या नव्हत्या. ज्यांचे दिवाळीला पूजन केले त्या किलोने कशा विकायच्या? वडिलांनी मला लहानपणी मोडी शिकवली होती, पण जेमतेम. दिवाणजींचे अक्षर पळते. विक्रम संवत २००३ ची रोजकीर्द उघडली आणि रोज रात्री दहा-बारा पाने, असा पुढे सरकत गेलो. अकराव्या रात्री संवत २००५ च्या वहीत, जिच्यावर वीर संवत २४७५ असेही घातले होते, आश्विनाच्या पानावर खरेदीची नोंद मिळाली : जपानी बाहुल्या, डझन १, रुपये १८. म्हणजे १९४९ चा ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावरची खरेदी. तिच्याखाली सहा दिवसांनी, नावे बाजूला, एक ओळ :

बाई खाते, बाहुली नग १, रु. २।

आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पावली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको, सव्वादोन रुपये.

बाई म्हणजे माझी आजी. विधवा झाल्यावर तिचे दुकानात एक लहानसे खाते होते. माहेरहून आलेली रक्कम दुकानात ठेव म्हणून होती आणि तिचे व्याज वर्षाला त्या खात्यात जमा होई. दुकान तेव्हा आबांचे धाकटे भाऊ पाहत. खतावणीत बाई खात्याचे पान काढले. त्या दिवाळीपूर्वी शिल्लक साडेअकरा रुपये.

तीच ही बाहुली, याचा कोर्टात चालेल असा पुरावा माझ्याकडे नाही. पण साल जुळते, देश जुळतो, दिवाळी जुळते, आणि त्या घरात त्या वयाची मुलगी एकच होती. बाजारात एवढ्या आधारावर मी ओळख पक्की धरली असती.

वही कापडात बांधून पुण्याला गेलो. आत्याला जेवण झाल्यावर सांगितले. छापाची गोष्ट आधी सांगितली, मग वहीची. मधे ती काही बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटले रडते आहे. पण ती विचार करत होती.

‘डझनाचे अठरा?’ ती म्हणाली.

‘हो.’

‘म्हणजे नगाला दीड. आणि आईला लावले सव्वादोन. काकांनी घरातल्या बाईकडूनही दुकानचा भाव घेतला?’

मी काही बोललो नाही. त्या चुलत आजोबांनीच पुढे माझ्या वडिलांना शिकवले, दुकान सांभाळून परत स्वाधीन केले, हे खरे; आणि बारा आणे नफा लावला, हेही वहीत होते. दिवाणजींनी रिवाजाप्रमाणे लिहिले असेल, काकांना कळलेही नसेल. तसे मी सांगून पाहिले. आत्याने हाताने ते बाजूला सारले.

‘आईच्या खात्यात तेव्हा होते किती?’

‘साडेअकरा.’

आत्याने वही मागितली. तिला मोडी येत नाही आणि आता बाळबोधही नीट दिसत नाही. मी तिचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. ती ओळ तिने दोनदा बोटाने चाचपली, जशी मी बाहुलीची पाठ चाचपतो तशी. मग विचारले, ‘इथे आईचे नाव काय लिहिले आहे?’

‘नाव नाही. नुसते बाई खाते.’

बराच वेळ गेला. आत्येभावाची सून चहा ठेवून गेली. तो निवला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा आत्या म्हणाली, ‘कागद आणला आहेस ना? लिही. जपान. १९४९. त्या कापूर का काय म्हणतोस तेही लिही, आणि उन्हात ठेवू नका म्हणावे.’

मी लिहिले.

‘कोणी आणली, तिथे आईचे नाव लिही. बाई नको. पूर्ण नाव.’

पेन कागदावर टेकवून मी थांबलो. ‘सासरचे लिहू, की माहेरचे?’

‘माहेरचे,’ आत्या म्हणाली. ‘पैसे माहेरचे होते.’